मागे नेणारं बटण

वणीत दुरुस्तीचं दुकान चालवायचं तर वर्षाचं गणित देवीच्या यात्रेवर बसवावं लागतं. सप्तशृंगी गड तसा कळवण तालुक्यात आणि आमचं गाव दिंडोरी तालुक्यात, पण लोकांच्या तोंडी ती वणीची देवीच. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत आणि पुढे नवरात्रात, कोजागरीला नाशिककडची सगळी गर्दी वणीवरून नांदुरीच्या पायथ्याकडे जाते. त्या दिवसांत माझ्या टेबलावर वाजंत्रीवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर, भोंग्यांची युनिटं, बॅटऱ्या, टेपरेकॉर्डर यांची रांग लागायची. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून या रांगेत एक नवीन वस्तू येऊ लागली. हातात धरून खेळायचा प्लास्टिकचा व्हिडिओ गेम.

तो ब्रिक गेम. वरती करड्या-हिरवट काचेवर काळे चौकोन, खाली चार दिशांची बटणं आणि उजवीकडे एक मोठं गोल बटण. डब्यावर '9999 इन 1' असं छापलेलं. प्रत्यक्षात त्यात हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच खेळ असत, बाकी सगळा आकडा त्यांचा वेग आणि सुरुवात बदलून फुगवलेला. मुख्य खेळ ठोकळे लावण्याचा. अलेक्सी पाजित्नोव या रशियन संगणकतज्ज्ञानं 1984 मध्ये मॉस्कोत तयार केलेल्या 'टेट्रिस'ची ती नक्कल. मुंबईच्या मनीष मार्केटसारख्या बाजारांतून हे गेम यात्रेतल्या खेळण्यांच्या दुकानांत यायचे आणि बासऱ्या, भिंगऱ्या, पाण्यात रिंगा अडकवायच्या खेळांच्या शेजारी दोरीला लटकायचे. यात्रेहून परत जाताना पोरगं हट्ट करायचं, बाप घासाघीस करायचा आणि गेम घरी जायचा. बिघडला की माझ्याकडे यायचा.

या गेमचं पोट मला फार आवडायचं. खोललं की आत जवळजवळ काहीच नाही. सर्किटची एक छोटी पट्टी, तिच्यावर वाळलेल्या डांबरासारखा काळा थेंब आणि त्या थेंबाखाली सगळी अक्कल. त्या चिपला पाय नाहीत, नंबर नाही, ती बदलता येत नाही. ती गेली की गेम गेला. पण ती सहसा जात नाही. जातं ते भोवतालचं. दहा आडवी, वीस उभी अशी घरांची ती काच पट्टीला तारांनी जोडलेली नसते. दोघांच्या मध्ये रबराची एक बारीक कांडी दाबून बसवलेली असते. तिच्यात वीज वाहणारे आणि न वाहणारे असे केसाएवढे पातळ थर आलटूनपालटून असतात, म्हणून तिला झेब्रा पट्टी म्हणतात. कॅल्क्युलेटरमध्येही तीच. गेम खाली पडला की ती जराशी सरकते आणि पडद्यावरचा एखादा रकाना गायब होतो. आई-वडील म्हणायचे, "स्क्रीन फुटली." मी कापसावर स्पिरिट घेऊन झेब्रा पट्टीच्या दोन्ही कडा पुसायचो, सर्किटच्या पट्टीवरचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचो, पुन्हा नीट दाबून स्क्रू आवळायचो. बहुतेक वेळा गेलेला रकाना परत यायचा आणि समोर उभ्या पोराचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

बटणांचं दुखणं वेगळं. रबरी बटणाच्या तळाशी कार्बनची काळी टिकली असते, ती झिजते. सगळ्यात आधी झिजायचं ते ठोकळा फिरवायचं मोठं बटण. मऊ शिशाच्या पेन्सिलीनं ती टिकली गडद करून काही दिवस काम चालायचं. कायमचा इलाज म्हणून चंदेरी कागदाचा गोल तुकडा चिकटवायचो. सेल गळून स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशी धरलेली असायची. आपल्याकडे तेव्हा साधे जस्त-कार्बनचेच सेल जास्त, त्यांचं गळणं आम्लाचं, म्हणून खायच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेला ब्रश फिरवायचा, कोरडं करायचं, मग स्पिरिट. हे सगळं मी लॅमिंग्टन रोडला सुटे भाग आणायला जाता-येता, तिथल्या कारागिरांच्या मागे उभं राहून शिकलो. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा ट्रेड केला होता, त्यात यातलं काही नव्हतं.

ब्रिक गेमबद्दल मला आदर आहे, पण त्याच्या स्वभावाबद्दल एक तक्रारही आहे. तो खेळणाऱ्याला हरवण्यासाठीच बनवलेला आहे. ठोकळे पडत राहतात, वेग वाढत जातो आणि शेवटी वरपर्यंत चळत लागते. जिंकणं नाहीच, फक्त जास्त वेळ टिकणं. बोटं चपळ होतात, नजर तयार होते, हे खरं. पण थांबून विचार करायला तो एक क्षण देत नाही.

त्यामुळे एका दिवाळीनंतर दुकानात आलेलं यंत्र मला आजही तपशिलासकट आठवतं. आमच्या दिंडोरी तालुक्यात द्राक्षं पिकतात, तशाच एका द्राक्षबागेच्या घरातली बाई ते घेऊन आली. म्हणाली, "भाऊ, याच्या मामानं अमेरिकेहून आणलंय. पडद्यावर उभ्या रेघा पडल्यात. होत असलं तरच हात लावा."

तो निन्टेन्डोचा गेम बॉय होता. गुनपेई योकोई या अभियंत्याच्या पथकानं घडवलेला आणि 1989 च्या एप्रिलमध्ये जपानात बाजारात आलेला. मी तोवर त्याचं फक्त चित्र पाहिलं होतं. राखाडी, विटेएवढा जाड, चार पेन्सिल सेलवर चालणारा. त्याच्या पडद्यावर 160 आडवे आणि 144 उभे ठिपके, हिरवट रंगाच्या चार छटा, मागे दिवा नाही. त्या काळी यापेक्षा झगमगीत, रंगीत पडदे असलेली हातातली यंत्रं बाजारात होती. योकोईंचा आग्रह मात्र जुनं, स्वस्त झालेलं, पारखलेलं तंत्रज्ञान घेऊन त्यातून नवा खेळ काढण्याचा होता. रंगीत यंत्रं सेल भराभर खात आणि हे त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ चालायचं. पुढे रंगीत गेम बॉय धरून या घराण्याची 11 कोटींहून जास्त यंत्रं जगभर विकली गेली. दुरुस्ती करणाऱ्याला योकोईंचं म्हणणं लगेच पटतं. साधं असतं ते टिकतं आणि टिकलं नाही तर निदान समजतं तरी.

पण आत शिरायचं कसं? मागचे सहा स्क्रू तीन पाकळ्यांचे. तसला पेचकस वणीतच काय, नाशिकलाही मिळाला नाही. घड्याळजीकडून एक जुना बारीक पेचकस घेतला आणि त्याचं टोक कानशीनं घासत घासत तीन पाकळ्यांचं केलं. तो पेचकस अजून माझ्या खणात आहे. आतली रचना बघून मात्र मी खूश झालो. सगळं मोकळं, ओळखता येणारं, वाचता येणारं. पडद्याच्या खालच्या कडेला चपटी, पातळ केबल गरम दाब देऊन चिकटवलेली असते. तिचा एखादा धागा काचेपासून सुटला की वरपर्यंत एक उभी ओळ मरते. सोल्डरिंग आयर्न गरम करायचं आणि त्याच्या टोकानं त्या जोडावरून अगदी हलक्या हातानं, न थांबता पुढे जायचं. थांबलात तर केबल जळणार, घाई केलीत तर धागा धरणार नाही. यंत्र चालू ठेवूनच हे करायचं, म्हणजे मेलेली ओळ जिवंत होताना डोळ्यांसमोर दिसते. एक आली. मग शेजारची आली. आडव्या रेघा असत्या तर मी हात लावला नसता, कारण बाजूचा जोड याहून फार नाजूक.

ओळी आल्या तरी ताव उतरल्यावर त्या पुन्हा जातात का, हे बघण्यासाठी यंत्र बराच वेळ चालू ठेवावं लागतं. त्यात बसवलेली कॅसेट होती 'कॅट्रॅप'ची. म्हणून तो खेळ माझ्या दुकानात आला.

'कॅट्रॅप' 1990 चा. जपानात त्याचं नाव 'पिटमॅन', अमेरिकेत अस्मिक कंपनीनं तो 'कॅट्रॅप' म्हणून विकला. मांजराच्या रूपातला एक मुलगा आणि एक मुलगी, त्यांच्यासमोर शंभर चक्रव्यूह. प्रत्येकात शिड्या, भिंती, मोठे धोंडे, पाऊल टाकलं की नाहीशी होणारी माती आणि काही भुतं. सगळ्या भुतांना गाठून भिडलं की तो डाव सुटला. घड्याळ नाही, गोळीबार नाही. उडीसुद्धा मारता येत नाही. चालायचं, शिडी चढायची, कडेवरून खाली पडायचं आणि धोंडा ढकलायचा. धोंडा ओढता येत नाही, पलीकडे जागा मोकळी असली तरच तो सरकतो आणि आधार संपला की खाली कोसळतो. ज्या डावांत दोघंही असतात, तिथे एका बटणानं कधी याला, कधी तिला चालवायचं.

नियम एवढेच. तरीही त्यात माणूस गुंततो, कारण यातली जवळजवळ प्रत्येक हालचाल कायमची असते. समजा, पलीकडच्या ओट्यावर एक भूत आहे आणि मधे एका घराचा खड्डा. जवळचा धोंडा त्यात ढकलला की पूल तयार. पण तो धोंडा मातीच्या एका ठोकळ्यावर टेकलेला होता आणि तुम्ही खालून आधीच ती माती चालत संपवलीत. धोंडा खालच्या मजल्यावर जाऊन पडला. आता पूल नाही. भूत तिथेच आणि तुम्ही इथेच. चूक आत्ता झालेली नसते, ती कितीतरी पावलं आधी, अगदी बिनधोक वाटलेल्या क्षणी झालेली असते.

इथे 'कॅट्रॅप'नं जे केलं त्यासाठी मी त्याच्या कर्त्यांना मानतो. एक बटण दाबून धरलं की खेळ उलटा चालू लागतो. पडलेला धोंडा वर चढतो, संपलेली माती परत येते, मांजर शिडीवरून पाठमोरं उतरतं. हवं तिथे थांबायचं आणि तिथून दुसरी वाट धरायची. काळ मागे नेण्याची ही करामत पुढे 2003 च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'मध्ये आणि 2008 च्या 'ब्रेड' या खेळात आली तेव्हा तिचं जगभर कौतुक झालं. विटेएवढ्या राखाडी यंत्रावर ती कितीतरी आधी होती.

मूळ खेळ तर त्याहूनही जुना. युताका इसोकावा यांनी तो शार्पच्या एमझेड-700 या घरगुती संगणकासाठी लिहिला आणि 1985 मध्ये 'ओह! एमझेड' या जपानी मासिकात तो छापून आला. छापून म्हणजे खरोखर कागदावर. वाचकांनी मासिक समोर ठेवून ओळ न् ओळ स्वतः टाइप करायची आणि मग खेळायचं. त्या संगणकावर चित्रं काढायची सोय नव्हती, फक्त अक्षरांची चिन्हं घराघरांत मांडता यायची. म्हणून खेळही घराघरानं चालणारा झाला. माझ्या समजुतीनं मागे जाण्याची वाटही त्यातूनच मोकळी झाली. हालचाल अशी ठरावीक घरांची असली की झालेली प्रत्येक चाल नोंदवून ठेवायला फारशी जागा लागत नाही. गेम बॉयची कामाची मेमरी अवघी 8 किलोबाइट, तरी तिच्यात हे मावलं. सर्किट समजून घेणाऱ्या माणसाला अशा गोष्टी वाचून फार बरं वाटतं. तुटपुंज्या साधनांत कोणीतरी नीट बसून विचार केलेला दिसतो.

त्या दिवसांत माझ्याकडे काम शिकायला एक पोरगा येत असे. आधी दुसऱ्या गावात एका कारागिराकडे होता. तिथे एक बोर्ड जळलं म्हणून त्यानं मार खाल्ला होता. हात चांगला, डोकं त्याहून चांगलं, पण स्क्रू खोलायला सांगितला तरी माझ्या तोंडाकडे बघायचा. मी गेम बॉय त्याच्याकडे दिला आणि म्हटलं, ओळी जातात का बघत बस, खेळता खेळता. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि या खेळाला ते लागतही नाही. दुपारच्या सुस्तीत तो दाराशी उजेडाला बसायचा, कारण पडद्यामागे दिवा नसल्यानं दुकानाच्या आतल्या अंधारात काहीच दिसायचं नाही.

आधी तो घाबरत खेळला. एक पाऊल टाकायचा, थांबायचा. मग त्याला ते बटण सापडलं. "भाऊ, हे मागं जातंय!" तो जवळजवळ ओरडलाच. त्यानंतर त्याचं खेळणं बदललं. मुद्दाम धोंडा पाडून बघायचा, काय होतंय ते पाहायचा, मागे यायचा. पडलेला धोंडा दुसऱ्या कशाच्या उपयोगी येतो का, तेही तपासायचा. काही वेळानं मात्र मागे जाणं कमी झालं. तो पडद्याकडे नुसता बघत बसायचा, बोटानं हवेत वाट आखायचा आणि मग एका दमात डाव सोडवायचा. मागे जाता येतं म्हणून तो निष्काळजी झाला नाही, उलट जास्त नीट बघायला लागला. मला वाटायचं की चुकीची किंमत मोजावी लागली नाही तर पोरं लक्ष देत नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या उलट घडलं.

ते यंत्र मालकिणीकडे परत गेलं, पण दुकानात त्याचा एक परिणाम राहिला. पोरगा काही खोलायला घेतलं की एसटीच्या जुन्या तिकिटांच्या मागे खुणा करून ठेवू लागला. लाल वायर कुठून सुटली, कुठला स्क्रू लांब, कुठला आखूड, स्प्रिंग कोणत्या तोंडानं बसली होती. तिकिटं क्रमानं मांडायची आणि बसवताना उलट क्रमानं उचलायची. मला हे इतकं पटलं की पुढे शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी पहिले काही आठवडे फक्त मेलेली बोर्डं दिली. खोला, जोडा, जाळा, पुन्हा करा. गिऱ्हाइकाची वस्तू त्यानंतर. आज ही पोरं मोबाइलवर प्रत्येक टप्प्याचे फोटो काढतात. काम तेच आहे. माझा तो पहिला शागीर्द पिंपळगाव बसवंतला मोबाइल दुरुस्ती करतो आणि त्याच्याकडे शिकणाऱ्या पोरांना रागावून बोललेलं मी अजून ऐकलेलं नाही.

आपल्या शाळांमध्ये, आपल्या कारखान्यांत आणि घरांतही चुकून बघायला जागा ठेवलेली नसते, ही माझी खरी खंत आहे. पहिलीच पावलं बरोबर पडली पाहिजेत, असा आपला हट्ट. 'कॅट्रॅप'मध्ये डाव अवघडच आहेत, शेवटचे तर कमालीचे अवघड. कोणी सोडवून देत नाही, सूचना मिळत नाही. फक्त परत उभं राहायची जागा मिळते. शिकवणाऱ्यानं यापेक्षा जास्त काही द्यावं असं मला वाटत नाही, आणि याहून कमी देऊ नये असं मात्र नक्की वाटतं.

आता यात्रेतही चित्र बदललं आहे. गडावर चढायला ट्रॉली झाली, पोरांच्या हातात आईबापाचा मोबाइल असतो. मोबाइलवरही असे चक्रव्यूहाचे खेळ आहेत, कितीतरी सुंदर आहेत. पण पुष्कळ खेळांत एक चाल मागे घ्यायची तर आधी जाहिरात बघा नाहीतर पैसे भरा, असा कारभार चालतो. हे मला अजिबात मान्य नाही. मुलाला विचार करायला मिळणारी जागा विकायला काढणं वाईट आहे, मग ती कितीही थोड्या पैशांत मिळो. 'कॅट्रॅप'च्या पेटीत जे होतं ते सगळं त्या पेटीच्या किमतीत होतं.

जुने गेम माझ्याकडे अजून येतात. बहुतेक वेळा तिशी-चाळिशीतला माणूस येतो, घर आवरताना सापडलेला ब्रिक गेम कागदात गुंडाळून आणतो आणि जरा संकोचून विचारतो की होईल का. होतं, बऱ्याचदा होतं. झेब्रा पट्टी अजून तशीच पुसावी लागते. काचेवरचा काळसर डाग मात्र जात नाही, कारण तो पडद्यावरच्या पातळ फिल्मचा असतो आणि ती फिल्म सोलून नवीन लावणं फार वेळखाऊ काम आहे. ते मी फक्त ज्याला खरोखर हवं आहे त्याच्यासाठी करतो.

तुमच्या घरी माळ्यावर, शोकेसच्या खणात असा एखादा गेम पडलेला असेल तर आज एवढंच करा. मागचं झाकण उघडा आणि सेल काढून टाका, गळले नसले तरी काढा. काच दाबून बघू नका, उन्हात ठेवू नका. भंगारवाल्याला देऊ नका, कारण आतली चिप बहुधा अजून जिवंत असते. जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे न्या, नवीन सेल घाला आणि घरातल्या मुलाच्या हातात द्या. आणि तो चुकला तर शेजारी बसून बरोबर चाल सांगायची घाई करू नका.